विठाच्या हातचा भात

मोरिवलीत माझा आवाज ऐकल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नव्हती. मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते ती धवलारीण, आणि भटाच्या आधी तिचा मान. माझी आत्या गायची, तिच्यामागून मी. समोर मला कौसाबाई म्हणायचे, पाठीमागे तोंडाळ म्हणायचे. म्हणोत मेले! जी बाई आठ वर्षं तोंडाला कुलूप घालून बसली, ती यांना तोंडाळ वाटली. आता कुलूप काढलंच आहे, तर पहिल्यापासून सांगते.

विठा माझी धाकटी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिच्या जन्माच्या वेळी आयस गेली, मीच तिला वाढवली. तिचं लग्न बदलापूरकडे करून दिलं, तर वर्षाच्या आत जावई तापाने गेला. मी आधीच कपाळ पुसून माहेरी आलेली, आता हीसुद्धा आली. बापूस म्हातारा. पण आमच्यात पाट लागतो, विधवा पोरीला घरात कुजवत नाहीत. वांगणीचा एक मुलगा बघितला होता, त्यालाही ती पसंत होती. बावीस वर्षांची होती विठा. हसायला लागली की पाण्याची कळशी खाली ठेवायची, नाहीतर सांडायची.

ते लढाईचं साल. इंग्रजाने इथून कोसावर मिलिटरीचा क्यांप घातला होता. तिथल्या जनावरांना गवत लागायचं, आमच्या बायका कापायला जायच्या. त्यांच्यावर मुकादम आमच्याच गावचा, जयदेव. गावचा मोठा पंच दिनानाथ याचा सख्खा धाकटा भाऊ. एका दुपारी बाकीच्या बायका भारे घेऊन पुढे गेल्या. तुझा भारा सैल आहे, सोडून परत बांध, असं सांगून त्याने विठाला मागे ठेवली आणि गंजीमागे तिच्यावर जबरदस्ती केली. एवढंच सांगते. याहून जास्त ऐकायची ज्यांना हौस असेल त्यांनी आधी आपल्या आयाबहिणींकडे बघावं.

विठा घरी आली ती केसांत गवत घेऊन आली. तिने नाव सांगितलं. लपवलं नाही, अडखळली नाही. "जयदेव," म्हणाली.

संध्याकाळी दिनानाथ आमच्या ओटीवर येऊन बसला. पान लावलं, चुना लावला, सगळं सावकाश. मग म्हणाला, "जयदेव कसा आसंल? गोरा सोल्जर आसंल तो. पोरगी भ्यायली, तिनं तोंड कुठं बघितलं?"

कळलं ना डोकं कसं चाललं ते? सोल्जरला कोण पंचायतीत बोलावणार? तो उद्या जहाजात बसणार आणि जाणार. त्याच्या नावावर काय वाटेल ते खपवा. पण त्यात एक मेख होती. सोल्जर परजातीचा, परधर्माचा, म्हणजे विठा बाटली. आणि बाटलेली बाई परत जातीत घ्यायची तर आमची रीत ठरलेली आहे: तिने स्वतः रांधायचं, स्वतःच्या हाताने अख्ख्या गावाला वाढायचं. गाव तिच्या हातचं जेवलं की ती शुद्ध. त्यानंतर कुणी विषय काढायचा नाही. ज्याने केलं तो मोकळा, आणि जिला केलं तिने चुलीपुढे बसून स्वतःला धुऊन घ्यायचं!

आता माझं ऐका. विठा रात्रभर एकच नाव घेत होती आणि मी, तिची आईच म्हणा ना, मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, "विठा, सोल्जर म्हन. काय जातं तुझं? जयदेवचं घर म्हंजी पंचाचं घर. पान्यात राहून माशाशी वैर कशाला? झाकली मूठ ऱ्हाऊ दे. जातीत तरी ऱ्हाशील, पाट तरी लागंल." तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तू म्हनतेस तर."

घरातला कणगीभर भात कांडला. आमच्या खळ्यात पंगत बसली. आमच्यात सगळी पानं वाढून झाल्याखेरीज कुणी घास उचलत नाही, एक पान जरी रिकामं असलं तरी अख्खी पंगत हात मांडीवर ठेवून थांबते. म्हणून विठा खाली मान घालून भराभर वाढत होती. वाढता वाढता ती जयदेवच्या पानापाशी आली. तो बसला होता, पहिल्याच पंगतीला, भावाच्या शेजारी. तिने वाढलं. त्याने बोटाने पान जरा पुढे सरकवलं आणि म्हणाला, "आजून वाढ."

आणि तिने वाढलं.

मी ते बघितलं. दिनानाथने बघितलं. मग पुरुष जेवले, बायका जेवल्या, मीसुद्धा जेवले. भात चांगला झाला होता, हे मला अजून आठवतं आणि त्याचीच सगळ्यात जास्त चीड येते. विठा मात्र जेवली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. गाव शुद्ध झाल्याची ढेकर देऊन घरी गेलं. आणि वांगणीच्या मुलाकडून आठ दिवसांत निरोप आला: आम्हाला ती सोयरीक नको. घ्या! अख्ख्या गावाने जेवून शुद्ध केलेली पोरगी!

दोन-तीन वर्षं विठा गप्प होती. त्यातच बापूस गेला. इंग्रज गेला, सोल्जर गेले, आणि त्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधी येऊन उतरले. सगळं मागे टाकून आलेली माणसं. आता त्याला उल्हासनगर म्हणतात, आम्ही अजून क्यांपच म्हणतो. तिथे बाजार वाढला तशा आमच्या बायका पाट्या घेऊन जायला लागल्या: काकडी, वाल, माठ. विठाही जायला लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, चार माणसांत जाईल, बोलेल.

बोलेल कसली! पहिल्यांदा मला एका भाजीवालीने सांगितलं. मग दुसरीने. विठा एका गाडीवानाबरोबर गेली. मग एका दुकानाच्या नोकराबरोबर. मग कुणा पहारेकऱ्याबरोबर. पैशासाठी नाही, पैसे ती घेत नव्हती. जीव जडला म्हणावं तर तेही नाही, एकाचं नाव तिला दुसऱ्या आठवड्याला आठवत नसे. भर दुपारी, पाटी कुठेतरी ठेवून जायची. तिथून येताना वालधुनी नदीवर उतरायची, दगड घेऊन अंग घासायची. इतकं की कोपरं सोलून निघायची. मग चार दिवस घराबाहेर पाऊल टाकायची नाही. गावदेवीची शपथ घालायची, माझ्या पायाची शपथ घालायची. पाचव्या दिवशी हात थरथरायला लागायचे, भांडी हातातून पडायची, एका जागी बसवायचं नाही. आणि मग पाटी डोक्यावर घेऊन चालली!

मी तिला मारलं. खरं सांगते, चुलीतलं लाकूड घेऊन मारलं. कोंडून ठेवलं तर कौलं काढून गेली. डोंगरातल्या भगताकडे नेलं, त्याने मिरच्यांची धुरी दिली, ती खोकून खोकून काळीनिळी पडली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. जे शब्द मी लग्नात विहिणीलासुद्धा गमतीने बोलणार नाही ते बहिणीला बोलले. "खाज आली हाय का गो तुना?" असं विचारलं. ती फक्त म्हणायची, "मना नाय ठावं."

मला ते ढोंग वाटायचं. स्वतः जाते, स्वतःच्या पायाने जाते, आणि म्हणे मना नाय ठावं!

गेल्याच्या गेल्या साली, भात झोडून झाल्यावर, मी काठी घेऊन क्यांपात गेले. म्हटलं, आज हिला बाजारात सगळ्यांसमोर फोडते, एकदाची लाज जाऊ दे. ती शेवटच्या बराकीकडे गेल्याचं कुणी सांगितलं. मी तिथे बाहेर दबा धरून बसले. समोर एक सिंधी म्हातारी खाटेवर पापड वाळत घालत होती. किशनीबाई तिचं नाव. तिकडे सिंधात सक्करला दाई होती, इथे पापड लाटते. तिने माझ्या हातातली काठी बघितली.

"किसको मारेगी, माई?"

"बहिणीला माझ्या. रांड झालीय ती." माझा आवाज चढला होता. "रोज नवा पुरुष लागतो."

"वो सब्जीवाली? कोपर छिले हुए?" म्हातारी पापड सोडून माझ्याजवळ येऊन बसली. "लकडी नीचे रख. मेरी लाइन में तीन हैं ऐसी. आते वक्त रस्ते में जो हुआ सो हुआ. एक आदमी का साया देखे तो चिल्लाती है. एक दिन में दस बार नहाती है. और एक तेरी बहन जैसी." मग तिने सरळ विचारलं, "इसके साथ किसने किया था?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "गोरा सोल्जर होता."

आठ वर्षांनंतर! परमुलखातून आलेल्या बाईसमोर, जिला ना जयदेव ठाऊक ना दिनानाथ! खोटं माझ्या जिभेवर असं बसलं होतं की धवल्यासारखं पाठ झालं होतं. माझी मलाच शिसारी आली. मी काठी खाली टाकली.

"नाही," मी म्हटलं. "सोल्जर नव्हता. आमच्याच गावचा होता. आम्ही त्याला जेवायला बसवला."

किशनीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुन. एक बार किसी ने दरवाजा तोडा. अब वो खुद खोल देती है, के फिर कोई तोडे नहीं. ये भूख नहीं है, माई. ये डर है. डर को लकडी से मारेगी?"

मी तिथेच बसून रडले, भर रस्त्यावर. मला रडताना गावाने कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी सिंध्यांनी बघितलं.

विठा आली. मला बघून तिने डोळे मिटून घेतले, मार बसेल म्हणून. मी तिची पाटी माझ्या डोक्यावर घेतली. वाटेत, शिवाच्या देवळापाशी, मी तिला आयुष्यात पहिल्यांदा नीट विचारलं, शिवी न देता. "काय मिलतं गो तुना त्यात? सुख मिलतं?"

"सुख?" ती म्हणाली. "खरूज खाजवताना सुख आस्तं का? नाय खाजवलं तर जीव जातो, खाजवलं तर रगात येतं." मग चालता चालता, माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "तवा मना कोनी विचारला नवता, कौसाताय. आता मी जाते तवा मी ठरवते. कोन, कुठं, कवा. तेवढा येल वाटतं, आंग माझं हाय. मग मदीच तो गवताचा वास येतो. तिथं गवत नसतं, तरी येतो. मग मी तिथं नसतेच. उठते तवा वाटतं, परत त्यानंच केलं. परत जाते, का या टायमाला तरी माझं होईल. नाय होत. मना ठावं हाय नाय होत, तरी पाय जातात."

  मला वाटत होतं, तिच्या पाठीवर मी जे वळ उठवले ते माझ्या पाठीवर उठायला हवे होते.

त्यानंतर महिनाही झाला नसेल, दिनानाथने बोलावणं धाडलं. माघात जयदेवच्या मुलीचं, बाळीचं, लग्न ठरलं होतं. आणि हा जयदेव आता कसा? गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशीला पाणीसुद्धा पीत नाही. करून करून भागला आणि देवपूजेला लागला! मुलाकडची माणसं बदलापूरची. त्यांच्या कानावर गेलं होतं की मोरिवलीच्या धवलारणीच्या घरात बदफैली बहीण आहे. त्या धवलारणीच्या तोंडचे धवले आम्हाला चालणार नाहीत, म्हणाले. माघातल्या तिथी, दुसरी धवलारीण कुठून आणणार? सगळ्या आधीच बोलावलेल्या.

दिनानाथच्या ओटीवर पाच पंच बसले होते. जयदेव खांबाला टेकून माळ ओढत होता. मी अंगणात उभी, विठा माझ्या मागे.

"दोन वाटा हायत," दिनानाथ म्हणाला. "एक तर हिला घराभायेर काढ. जाऊ दे क्यांपात, कायमची. नायतर मागल्यासारखं जातीला जेवन घालू दे हिच्या हातानी, आनि गावदेवीसमोर शपथ घेऊ दे का परत क्यांपाचं तोंड बघनार नाय. मग तू मांडवात गा. दोनी नाय केलं तर दोघीपन जातीभायेर. इस्तव नाय, पानी नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विठा पुढे आली.

"मी घालते जेवन," म्हणाली. "एकच म्हननं हाय. पयल्या पंगतीला जयदेवदादा बसाय पायजेत. मागल्यासारखं."

दिनानाथला बरं वाटलं. "पोरगी शानी झाली," म्हणाला. जयदेवने डोळे मिटून हरी हरी केलं.

घरी येईपर्यंत मी तिला काय काय बोलले! "परत त्याला वाढनार? परत? मी मरेन पन हे करू देनार नाय. चल, आपन दोघी निघू, क्यांपात ऱ्हाऊ, पापड लाटू."  तिने कणगी उघडली आणि भात मोजायच्या ऐवजी ओंजळींनीच सुपात काढायला बसली. मला वाटलं, मोडली पोरगी. शेवटी पुरती मोडली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. विठाचं जाणं त्या जेवणानंतर एका दिवसात थांबलं, असं काही झालं नाही. तसं कहाणीत होतं. त्या वर्षात ती तीनदा गेली, यंदा एकदा. ती येते तेव्हा मी चुलीवर पाणी तापवून ठेवते आणि नदीवरचा दगड घरात येऊ देत नाही. हात थरथरायला लागले की ती आता मला सांगते. मग आम्ही दोघी किशनीबाईकडे जाऊन दिवसभर पापड लाटतो. कधी तेवढ्याने भागतं, कधी भागत नाही. बस. आता जेवणाचं सांगते.

दुपार होती. त्याच खळ्यात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, मोठ्या पातेल्यात भात, वालाचं बिरडं. पहिल्या पंगतीला पंच, त्यांचे भाऊबंद, बदलापूरहून आलेले दोन पाहुणे, आणि मधोमध जयदेव. बायका कडेला उभ्या, त्यांच्यात त्याची बायको सखू. गडी कारखान्याची पाळी सोडून आले होते. फुकटचं जेवण आणि वर न्यायनिवाडा, कोण सोडतो?

विठाने नवं लुगडं नेसलं होतं. मागच्या वेळी मान खाली होती, आज नव्हती. एका टोकापासून वाढत आली. दिनानाथच्या पानावर भात, त्यावर बिरडं. जयदेवच्या पानापाशी आली, आणि त्याला ओलांडून पुढच्या पानावर गेली. लोकांना वाटलं, चुकली. तिने शेवटच्या पानापर्यंत वाढलं, परत आली, परात जयदेवच्या समोर जमिनीवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पंचवीस पानांवर भाताची वाफ निघत होती आणि मध्ये एक पान कोरडं. सगळ्यांचे हात मांडीवर.

"वाढ," दिनानाथ म्हणाला. "पंगत थांबलीय."

"थांबू दे," विठा म्हणाली. "मी आठ वर्सा थांबले."

"विठा!"

"ह्याला माझ्या हातचं नाय. बाकी सगल्यांना वाढलंय. जेवा." तिचा आवाज चढला नव्हता, पण खळ्याच्या पार टोकाला ऐकू गेला. "त्या दुपारी कोनी सोल्जर नवता. गंजीमागं हा होता. मी तवाच नाव सांगितलं होतं. तुमी ऐकलं होतं, दिनानाथदादा. तुमी पान लावीत होता."

जयदेव उठायला लागला. "येडी झालीय ती. क्यांपातल्या धंद्यानी डोस्कं फिरलंय! आशा बाईचं कोन ऐकनार?"

"आशी बाई मी कशानी झाले?" विठाने विचारलं. "सांग ना. सगली बसली हायत. तूच सांग."

त्याची माळ हातात तशीच राहिली. मग बदलापूरच्या पाहुण्यांपैकी म्हातारा माझ्याकडे वळला. "कौसाबाई, तुमी धवलारीन. देवाला बोलवनारं तोंड हाय तुमचं. खरं काय हाय?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. विठाने मात्र बघितलं नाही.

"खरं हाय," मी म्हटलं. "सोल्जर दिनानाथनी काढला आनि विठाच्या तोंडात मी घातला. मीच सांगितलं तिला, खोटं बोल. आनि मग तुमच्या पंगतीला बसून मी पोटभर जेवले. बाळीच्या लग्नात मी गानार नाय. पोरीचा काय दोष नाय, तिला दुसरी कोनी हलद लावा. पन ज्या मांडवात हा बाप म्हनून उभा ऱ्हानार तिथं मी कुठल्या देवाला बोलावू? आनि कुठल्या तोंडानी?"

सखू पदर तोंडावर घेऊन उभी होती. तिला धक्का बसला नव्हता. तिचा चेहरा मी नीट बघितला; तिला ठाऊक होतं. काय ठाऊक आणि कसं ठाऊक, ते देवालाच माहीत.

आता कुणीतरी एक घास उचलायला हवा होता. फक्त एकाने! जयदेवचं पान कोरडं ठेवून एकाने जरी घास घेतला असता तर तो विठाच्या बाजूने न्याय झाला असता. हे तिथल्या प्रत्येक गड्याला कळत होतं. भातावर हात नेऊन दोघे-तिघे थांबलेही. मग दिनानाथ उठला. "जातीभायेर," म्हणाला. "दोघीपन." त्याच्यामागे पंच उठले, भाऊबंद उठले. जयदेव सगळ्यांच्या मधून, खाली मान घालून गेला. बदलापूरचे पाहुणेही उठले, पण ते दिनानाथच्या घराकडे वळले नाहीत, सरळ टेशनच्या वाटेला लागले. म्हातारा नवसू तेवढा शेवटपर्यंत बसून होता. मला वाटलं, हा तरी. त्याने भाताकडे बघितलं, रिकाम्या जागांकडे बघितलं, "माजी नातवंडं हायत गो," म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. थू तुमच्या जिनगानीवर! तेव्हा खोटं वाढलं ते मिटक्या मारून खाल्लंत, आणि आज खरं वाढलं तर घशाखाली उतरेना.

खळ्यात आम्ही दोघी राहिलो. पंचवीस वाढलेली पानं, त्यावर माशा बसायला लागल्या.

मी पत्रावळींच्या गठ्ठ्यातली एक कोरी पत्रावळ मांडून बसले. मला वाटलं, निदान मी जेवावं. आता तरी तिच्या हातचं मी जेवावं, म्हणजे माझं काहीतरी फिटेल. पान पुढे सरकवलं आणि म्हटलं, "विठा, मना वाढ."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री बघितलं होतं तशी, बराच वेळ.

"नाय," म्हणाली. "तुना पन नाय. आज नाय."

मी पान सोडलं. ती बरोबर होती. मला राग यायला हवा होता, पण राग सगळा माझा मलाच पुरला.

मग विठाने परात ओढली. गठ्ठ्यातली दुसरी कोरी पत्रावळ घेतली, खळ्याच्या मधोमध बसली आणि स्वतःला वाढून घेतलं. भात, त्यावर बिरडं. मांडी घालून, सावकाश, एकेक घास. आठ वर्षांपूर्वी अख्खं गाव जेवलं होतं आणि ती चुलीपाशी उपाशी राहिली होती, आणि मला ते तोवर कधी आठवलं नव्हतं. कुंपणाबाहेरून लोक बघत होते. ती जेवत होती.

चार-पाच घास झाल्यावर तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "मीठ कमी हाय गो, ताय."

मी उठले आणि तिला मीठ आणून दिलं.